ताप इथला नव्हता

परदेशात जाताना पोटुशी बाईनं कशाकशाला भ्यावं, हे मला निघायच्या आधीच सगळ्यांनी शिकवून ठेवलं होतं. सासू म्हणाली, दर्याची हवा लागते, कानात कापूस घालत जा. जाऊ म्हणाली, उसाच्या रानात साप असतात, संडासाला एकटी जाऊ नको. माझी माय मात्र एकाच गोष्टीला भिऊन होती.

"गरम मुलूख, चारी आंगानं पाणी. मच्छर तं असतीनच," ती म्हणाली. "पोट्टे, तिथी ताप नको येऊ देजो वं."

तिला भ्यायला कारण होतं. त्याआधीच्या पावसाळ्यात माझं एक पोर पाचव्या महिन्यात गेलं होतं. रोवण्याचे दिवस होते. मी चिखलात वाकून वाकून धान रोवत होते आणि सगळ्या गावानं तेच कारण धरलं: वाकली म्हणून गेलं. मीही तेच धरलं. त्या आठवड्यात मला तापही होता, पण आमच्याकडे त्या दिवसांत ताप कोण मोजतं? चिखल असतो, बेडूक असतात, तसा ताप असतो.

माझं माहेर चामोर्शीकडचं. बाप बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, आणि नदीत जाळं टाकणारा, बाकीचे दिवस मजुरी. मी आठवीतून शाळा सोडली, कारण पुढची शाळा लांब होती आणि हाताखाली माणूस हवा होता. सासर राजुऱ्याकडे. नवऱ्यानं चंद्रपूरला आयटीआय केलेलं, बॉयलरवर काम करायचा. एका ठेकेदाराच्या ओळखीनं तो मॉरिशसला साखर कारखान्यात लागला. मला पुन्हा दिवस गेले तेव्हा तो सुट्टीवर आलेला होता. तो म्हणाला, "इथी राह्यशील तं धान कापायले जाशीलच तू. मी तुले ओळखत नाई का? पाचव्यात न्यायले येतो, चाल माझ्यासंगं. दोन महिने आराम कर, सातव्यात आणून मायजवळ सोडतो."

ठरलं असं होतं. बाळंतपण मायकडे, आमच्या घरच्या बाजेवर, आमच्या सुईणीसमोर. यावेळचं पोर हाती लागावं एवढीच सगळ्यांची आस होती आणि ते मायच्या हाती लागावं ही मायची.

तिसऱ्या महिन्यात मी माहेरी होते तेव्हा एकदा ताप येऊन गेला. गावात आरोग्याचं काम बघणारी आशाबाई आली, बोट टोचलं, काचेवर रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. ताप उतरला. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईनं सोनोग्राफी करून "सगळं बरोबर आहे, जा" म्हटलं. मी तिला तापाचं सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. पायात काटा गेला होता हे डॉक्टरला कोण सांगतं?

विमानाचं काही लिहीत नाही, कारण डोळे मिटूनच होते. बेटावर उतरले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे तर आपल्यासारखंच आहे. हिरवं, दमट, केळी, पपई, आंबे. लोकही आपल्या रंगाचे. फक्त भाषा अशी की एक शब्द कळेना. आम्ही राहत होतो त्या घराची मालकीण खाली राहायची. साठीची विधवा, तिचे पूर्वज बिहारकडून ऊस तोडायला आणलेले. ती भोजपुरी बोलायची आणि सिरियल पाहून शिकलेली हिंदी. मी तिला मावशी म्हणू लागले.

तिला वाघाचं फार कौतुक. "सच में तुम्हारे घर के पास घूमता है?" असं ती रोज विचारायची. मी म्हणायचे, घराजवळ नाही, मोहफुलं वेचायला गेलो की कधी कधी. ती छातीवर हात ठेवायची. मग मी विचारायचे, इथं उसात साप असतात ना? ती एवढी हसायची की तिला ठसका लागायचा. त्या अख्ख्या बेटावर विषारी साप नाही म्हणे. मला ते खोटंच वाटलं. साप नसलेलं रान असतं होय?

पोचल्यावर थोड्याच दिवसांत सरकारी माणूस बॅग घेऊन दारात आला. बाहेरून आलेल्या माणसाचं रक्त घ्यायचं म्हणाला. मी बोट पुढं केलं आणि मला हसूच आलं. नवऱ्याला म्हटलं, "अजी, आशाबाई इथीबी आली!" त्या माणसाला चहा दिला. रक्तात काही निघालं नाही. मला तर बरंच वाटलं. इतक्या लांब येऊन कोणी आपलं बोट टोचलं की घरच्यासारखं वाटतं.

सहावा महिना लागला आणि एका दुपारी मला थंडी भरली.

डिसेंबर होता, तिकडे ऐन उन्हाळा. मावशी हातपंख्यानं वारा घेत होती आणि मी वरच्या खोलीत दोन गोधड्यांखाली दात वाजवत थरथरत होते. खाट वाजत होती म्हणून ती वर आली. तिला वाटलं समुद्राची हवा लागली. मग अंग तापलं, मग घाम फुटला, मग उतरलं. दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत. कपडे धुतले, भाजी चिरली. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळेला थंडी.

खरं सांगते, मी घाबरले नाही. अनोळखी मुलखात अनोळखी रोग होईल, याचीच मला भीती होती. हा तर ओळखीचा होता. एक दिवस सोडून येणारा, वेळ पाळणारा. घाम गेल्यावर मी मावशीला म्हटलं, चला, औषधाच्या दुकानात जाऊ, गोळ्या घेऊन येऊ. नवऱ्याला कामावरून कशाला बोलवायचं?

दुकानात पांढरा कोट घातलेली एक तरुण मुलगी होती. मी हिंदीत म्हटलं, "मलेरिया की गोली दे दो." मीठ मागावं तसं म्हटलं.

तिला कळलं नसेल असं वाटून मी पुन्हा म्हटलं. तिनं मावशीकडे पाहून त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. मावशी माझ्याकडे बघायला लागली. ती मुलगी काउंटरच्या मागून बाहेर आली, मला खुर्चीवर बसवलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि फोन लावला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती दाराकडे सरकली. मावशीसुद्धा एक पाऊल मागं गेली. मग काय वाटलं कोण जाणे, पुढं आली आणि माझा हात धरून उभी राहिली. 

"मौसी, मैंने क्या किया?" मी विचारलं.

"चुप बैठ," ती म्हणाली.

चोरी करताना धरल्यासारखी मी त्या खुर्चीत बसले होते. थोड्या वेळानं सरकारी गाडी आली. मला वाटलं, आता आम्हाला हाकलून देतील, नवऱ्याची नोकरी जाईल. गोळी मागायला आले होते, गाडी आली.

दवाखान्यात रक्त घेतलं, आणि त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. डॉक्टर लोक माझं रक्त बघायला येऊ लागले. शिकाऊ पोरं-पोरी एकामागून एक दुर्बिणीला डोळा लावत होते आणि मागं वळून माझ्याकडे बघत होते. हिंदी बोलणारी एक नर्स माझ्याजवळ बसवली होती. मी तिला विचारलं, काय आहे त्यात असं? ती म्हणाली, ह्यांनी हे पुस्तकातच पाहिलंय. इथल्या माणसाला इथल्या मच्छरानं हा ताप देऊन खूप वर्षं झाली. आता येतो तो बाहेरून येतो.

"म्हणजे ह्या वर्षी साथ नाही?" मी विचारलं.

"साथ नाही असं नाही. तापच नाही."

"कोणालाच?"

"कोणालाच. तुमच्याकडे कोणाला येतो?"

"सगळ्यांना," मी म्हटलं. "मायले, बाबाले, मास्तरले, कोतवालले. आशाबाईलेबी येते." घाबरल्यावर माझी हिंदी सुटली होती आणि मी आमच्याच बोलीत बोलत होते. नर्सला निम्मं कळलं असेल. तरी तिचं तोंड उघडंच राहिलं.

मच्छर मी तिथं पाहिले होते. चावलेही होते. पाणी होतं, पाऊस होता, गरमी होती. आमच्याकडे आहे ते सगळं होतं. मग ताप कसा नाही? तापाला घालवता येतं हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. पाऊस घालवा म्हटल्यासारखं होतं ते.

मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. केस पांढरे, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आधी पोटावर मशीन फिरवलं. पडद्यावर राखाडी ढग हलत होते. त्या काही बोलेनात. नवरा तोवर कारखान्यातून धावत आला होता, अंगावर कामाचेच कपडे. तो दाराशी उभा होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मागच्या वेळी पण डॉक्टर असेच गप्प राहिले होते.

मग त्यांनी आवाज मोठा केला. धडधड, धडधड. घोड्यासारखी. नवरा तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.

पोर वयाच्या मानानं लहान आहे, त्या म्हणाल्या. ताप लगेच थांबवायला हवा. मग त्यांनी नर्सकरवी एकेक विचारायला सुरुवात केली. पोटात असताना आधी ताप आला होता? हो, तिसऱ्यात. गोळ्या घेतल्या? घेतल्या. त्या म्हणाल्या, हा तोच ताप. काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, दडून बसतो. रक्तातला मरतो, काळजातला राहतो. तिथपर्यंत पोचणारं औषध पोटात पोर असताना देता येत नाही. तो तुमच्याबरोबर विमानात बसून आला.

 सगळ्यांनी बेटाला भ्यायला सांगितलं होतं आणि बेटावर ताप आणणारी मीच होते.

"आधीचं एखादं मूल?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"तेव्हा ताप होता?"

"होता."

"गोळ्या?"

"रोवणा संपल्यावर घेऊ म्हटलं."

त्या नर्सशी हळू काहीतरी बोलल्या. नर्सनं खाली मान घालून त्यांचं बोलणं सांगितलं: नक्की कोणी सांगू शकत नाही. पण असू शकतं. ह्या तापानं पोरं जातात.

म्हणजे वाकण्यानं नव्हे. पहिले कितीक महिने मी माझ्या कमरेला शिव्या देत होते.

"मच्छरदाणी मिळत नाही का तिकडे?" नर्सनं विचारलं.

मिळते की. सरकारी, औषध लावलेली. आमच्या घरी दोन आल्या होत्या. बाबानं दोन्ही एकाला एक शिवून बोडीत टाकल्या. इतकं बारीक जाळं बाजारात कुठं मिळतं? त्यातून झिंगासुद्धा निसटत नव्हता. बाबा खूश होऊन म्हणायचा, "सरकारनं पहिल्यांदा कामाची गोष्ट देली." त्या जाळ्यात मासोळ्या सुस्त होतात, असंही तो म्हणायचा. औषधानं होत असतील. आम्ही ते झिंगे आंबाडीत घालून खाल्ले आणि रात्री उघड्यावर झोपलो. हे सांगता सांगता मला हसू आलं आणि मधेच ते थांबलं. नर्सनं ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. मी तिचे उपकार मानते.

मला दवाखान्यात ठेवून घेतलं. इकडे घरी फवारणीवाले आले. मावशीचं, नवऱ्याचं, आजूबाजूच्या घरांतल्या सगळ्यांचं बोट टोचलं. कारखान्यात नवऱ्याबरोबर काम करणाऱ्यांचंही. ती मंडळी त्याला चिडवायची, "भाई, बाकी लोग गांव से अचार लाते हैं, तेरी घरवाली क्या लाई?" तो हसण्यावारी न्यायचा, पण मला भेटायला यायचा तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं असायचं.

मला वाटलं मावशी आता खोली खाली करायला सांगणार. ती भेटायला आली ती डबा घेऊन. बसली, घाम पुसला आणि म्हणाली, "इतने लोग तो मेरे बेटे की शादी में नहीं आए थे. सबको चाय पिलाते पिलाते मैं मर गई." मी तिच्या पाया पडायला उठले तर तिनं दटावलं, "पेट लेके झुकती है? पागल." ती गेल्यावर मी खूप रडले. आपल्या माणसानं रागावलं की असं रडू येतं.

सुट्टी द्यायच्या दिवशी नर्सनं पुढचं समजावलं. दर आठवड्याला गोळी, बाळंत होईपर्यंत. मग ती म्हणाली, आणि आता प्रवास नाही. आमच्या इथल्या पोटुशा बाया बाहेर जायला निघाल्या की त्यांना आम्ही जे सांगतो तेच तुम्हाला सांगते. गरम मुलूख, जंगल, साचलेलं पाणी, धानाची शेतं असतील अशा ठिकाणी जायचं नाही. जावंच लागलं तर तिन्हीसांजेला बाहेर बसायचं नाही, मच्छरदाणीशिवाय झोपायचं नाही. पण जाऊच नये. पोटातल्यासाठी फार वाईट जागा.

ती हे पाठ केल्यासारखं बोलत होती. मी ऐकत होते आणि मला आमची धानाची बांधी दिसत होती, बोडी दिसत होती, तिन्हीसांजेला अंगणात बाजेवर बसलेली माय दिसत होती.

"मला सातव्यात घरी जायचंय," मी म्हटलं.

 तिला तेव्हा लक्षात आलं असावं.

"घर कहां है?"

"वहीं," मी म्हटलं.

मायला सांगायचं काम माझ्यावर आलं. व्हिडिओ कॉल लावला. ती अंगणात होती, मागं कोंबड्या.

"तिथी तापच नाई?" तिचा विश्वास बसेना.

"नाई."

"कोनालेच नाई?"

"कोनालेच नाई वं माय."

"मंग लोक मरते कशानं?"

नवरा मागून म्हणाला, "शुगरनं." तो खरंच बोलत होता, तिथं घरटी एकाला आहे. माय हसली नाही. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई म्हणते बाळंतपण इथंच. तिचं तोंड असं झालं की जसं मी तिला थापड मारली.

"काऊन? तुह्या बापाच्या घरात का इख आहे?"

"तसं नाई..."

"तू त्याच घरात झाली. तुहा भाऊ त्याच घरात झाला. मेले का तुमी?" आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती फोन उचलेना. बाबा उचलायचा आणि म्हणायचा, कामात आहे. आमच्याकडे लेकीचं बाळंतपण दुसऱ्यानं करणं म्हणजे माय मेल्यासारखं. तिचं चुकत नव्हतं. माझंही चुकत नव्हतं. गोळी घेताना दर वेळी मला वाटायचं, मी तिच्याविरुद्ध काहीतरी गिळते आहे.

शेवटी एक दिवस तिनं उचलला. मी तिला एका दमात सांगून टाकलं, जे तोवर नवऱ्याशीसुद्धा नीट बोलले नव्हते. माय, मागचं पोर वाकण्यानं नाही गेलं. बहुतेक तापानं गेलं.

 कोंबड्यांचा आवाज येत होता म्हणून कळत होतं की फोन चालू आहे. माझ्या आणि भावाच्या मधे तिची दोन गेलेली. एक पोटात, एक जन्मून आठवड्यात. गावानं एकाला नजर म्हटलं आणि दुसऱ्याला कोणी काही म्हटलंच नव्हतं.

"माह्येबी?" तिनं विचारलं.

"माहीत नाई वं माय. कोनालेच माहीत नाई."

"ताप होता मले," ती म्हणाली. "दोन्ही टाइमले होता." मग बाबाला हाक मारून म्हणाली, "अवो, आइकलं का," आणि फोन तसाच चालू ठेवून तिकडे निघून गेली. मी फोनच्या पडद्यावर आमच्या घराचं छप्पर बघत बसले.

मार्चमध्ये मुलगा झाला. मावशी बाहेर बसून होती, नवऱ्यापेक्षा तीच जास्त देव आठवत होती. पोर रडलं, मला दाखवलं आणि लगेच त्याचं रक्त घ्यायला नेलं. ताप आईच्या रक्तातून पोरात जाऊ शकतो म्हणे. एवढुशी टाच, त्यात सुई. ते रडत होतं तोवर मला बरं वाटलं, रडणं थांबलं तसा माझा जीव जाऊ लागला. निकाल येईपर्यंत मी मावशीशी बोलले नाही, पाणी प्याले नाही. एवढे महिने सगळ्यांचे उपकार झाले होते माझ्यावर, आणि तरी मनात एकच येत होतं की मी ह्यालाही देऊन ठेवला असेल.

नर्स आत आली. तीच, हिंदीवाली. दारातूनच तिनं मान हलवली आणि हात उडवून दाखवले: काही नाही. साफ.

मायला फोन लावला तेव्हा ती तयारच बसली होती, डोक्यावर पदर नीट घेऊन, जशी पाहुण्यांसमोर बसते. बाबा तिच्या खांद्यामागून डोकावत होता. मी पोराचं तोंड दाखवलं. ती फोन डोळ्यांजवळ धरून बघत राहिली.

"माय, रक्तात काई नाई त्याच्या," मी म्हटलं. "आषाढात घेऊन येतो मी. तूच बारसं कर."

"नको," ती म्हणाली.

मला वाटलं अजून रागावलेली आहे. "काऊन वं?"

"येऊ नको. पाऊस जाऊ दे, धान निघू दे, थंडीबी जाऊ दे. पुढच्या उन्हाळ्यात आनजो." तिनं पदर पुन्हा सारखा केला. "तवर मी फोनातच पाह्यतो."

लग्न होऊन गेल्यापासून ह्या बाईनं मला प्रत्येक फोनवर फक्त "कधी येशील" एवढंच विचारलं होतं.  बाबा मागून मोठ्यानं म्हणाला, "पोरगं कोनावर गेलं?" तर तिनं त्याला कोपर मारलं, "हळू बोला, झोपलं हाये तिथी."

मग ती म्हणाली, त्याचे पाय दाखव. मी फोन खाली नेला आणि कपडा बाजूला केला.

"मोठे आहे," ती म्हणाली. "लवकर चालन हा."